टू-फोर-डीचा पंप वेगळा ठेवा

उसातल्या रुंद पानांच्या तणावर टू-फोर-डी हे क्लोरीनयुक्त औषध गुणाचे, खुरपणीची मजुरी वाचवते, यात वाद नाही. पण हराळीवर त्याची मात्रा चालत नाही. उसात हरभरा, भुईमूग असेल तर ते मुळीच नको. वाऱ्याने तुषार गेले तरी कापूस, द्राक्ष, टोमॅटोची पाने आकसतात. आपले तण मेले अन् बांधापलीकडच्याचे पीक गेले, तर सहकार कसला? २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात घातले. म्हणून आमचे सांगणे : वारा सुटला की फवारणी थांबवा, हातमोजे घाला. पंप धुतला तरी अंश राहतो. तो कुणालाही उसना देऊ नका.