उपासनेच्या मंडपातील पंगत
न्यूयॉर्क शहराच्या चेल्सी भागातील होली अपॉसल्स या एपिस्कोपल चर्चच्या मंडळीने १९८२ साली अन्नछत्र उघडले, तेव्हा दारी आलेल्या क्षुधिताकडे धर्माचा दाखला मागावयाचा नाही असा जो शिरस्ता पडला, तो १९९० साली आगीने उपासनामंदिराची भीषण हानी केली तरी मोडला नाही. आणि जीर्णोद्धाराच्या वेळी पूर्वीची बाके पुन्हा न बसविता (माझ्या दृष्टीने हा निर्णय त्या साऱ्या वास्तुशिल्पाहून थोर आहे) ज्या मंडपात रविवारी प्रभुभोजनाचा विधी होतो, त्याच मंडपात इतर वारी मेजे मांडून बेघरांची, बेकारांची, एकाकी वृद्धांची पंगत बसू लागली. तेथे जेवावयास येणाऱ्या प्रत्येकास पाहुणा म्हणतात.