झाकल्या मुठीचा बाजार

पत्त्यांचा कॅट विकत घेणाऱ्या माणसाला आपण काय घेत आहोत हे पक्के ठाऊक असते. त्यात ५२ पाने असतात. श्रीमंताच्या कॅटात इस्पिकचा एक्का एकच असतो आणि गिरणी कामगाराच्या कॅटातही एकच. पाने पिसून वाटली की कोणाच्या हाती काय येईल हे दैवाधीन खरे. परंतु दुकानातून घरी येईपर्यंत दैवाचा संबंध येत नाही. गेल्या तीन दशकांत जगभर पसरलेल्या 'ट्रेडिंग कार्ड गेम' या खेळप्रकाराने मात्र दैवाला डावातून उचलून थेट दुकानाच्या फळीवर नेऊन बसविले आहे. येथे खेळाडू आपला कॅट स्वतः जमवितो, आणि त्यासाठी लागणारी पाने त्याला सीलबंद पुड्यांतून, आत काय आहे हे न पाहता, विकत घ्यावी लागतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण या धंद्याने शब्दशः खरी करून दाखविली आहे.

हा पोरखेळ आहे, गंभीर नियतकालिकाने त्याची दखल कशाला घ्यावी, असे कोणी म्हणेल. परंतु 'पोकेमॉन' या एकाच खेळाचे मार्च २०२४ अखेरपर्यंत ६४ अब्जांहून अधिक पत्ते छापले गेले आहेत. मुंबई-पुण्याच्या खेळण्यांच्या दुकानांतही ती रंगीत पाकिटे टांगलेली दिसतात आणि मुले त्यांसाठी खाऊचे पैसे साठवितात. ज्या व्यवहारात मुलांचा खाऊ आणि पगारदार तरुणांची शिल्लक खर्ची पडते, त्या व्यवहाराचे अर्थशास्त्र तपासणे हे लोकशिक्षणाचेच काम होय.

या प्रकाराचा आरंभ १९९३ साली अमेरिकेत झाला. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने बाजारात आणला. १९९६ साली जपानमध्ये 'पोकेमॉन'चे पत्ते निघाले आणि १९९९ साली ते इंग्रजीतून अमेरिकेत पोहोचले. त्याच वर्षी हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीने 'विझर्ड्स'ला विकत घेतले. खेळ बुद्धीचा आहे, त्यात रचनाचातुर्य आहे, आणि ज्यांनी तो मनापासून खेळला आहे त्यांचा आनंद खोटा ठरविण्याचे कारण नाही. प्रश्न खेळाचा नाही. तो विकण्याच्या पद्धतीचा आहे.

ही पद्धत अशी. 'मॅजिक'च्या जुन्या, रूढ झालेल्या पुडीत १५ पत्ते असत. त्यांपैकी ११ सामान्य, ३ कमी आढळणारे आणि १ दुर्मिळ. कागद तोच, शाई तीच, छापखानाही तोच. दुर्मिळ पत्ता छापण्यास कंपनीला सामान्य पत्त्याहून म्हणण्यासारखा अधिक खर्च येत नाही. म्हणजे येथील टंचाई ही पावसाअभावी पडलेली नव्हे, ती कारखान्यात मोजूनमापून तयार केलेली असते. तिची पराकाष्ठा १९९६ साली झाली. आदल्या वर्षी 'क्रॉनिकल्स' या संचात जुने पत्ते पुन्हा छापले गेले, त्यांच्या किमती घसरल्या आणि संग्राहक चिडले. तेव्हा कंपनीने एक यादी जाहीर करून त्यातील पत्ते पुन्हा कधीही न छापण्याचे वचन दिले. मागणी असलेली आणि सहज करता येणारी वस्तू आपण कधीच करणार नाही, असे उत्पादकाने जाहीर वचन द्यावे आणि ग्राहकांतील एका वर्गाने त्याचे स्वागत करावे, हे दृश्य अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता थोडा हिशेब मांडून पाहू. २००८ सालच्या 'शार्ड्स ऑफ अलारा' या संचापासून 'मॅजिक'मध्ये दुर्मिळाहूनही दुर्मिळ असा एक वर्ग निर्माण करण्यात आला. त्यातील पत्ता साधारणपणे आठ पुड्यांत एक निघे आणि त्या संचात असे १५ पत्ते होते. म्हणजे मनात धरलेला एखादा विशिष्ट पत्ता सरासरीने सुमारे १२० पुड्यांमागे एकदा मिळणार. पुडी ४ डॉलरची धरली तर हा खर्च ४८० डॉलर होतो. बरे, १२० पुड्या फोडल्या म्हणजे पत्ता मिळालाच असेही नाही. संभाव्यतेच्या गणिताप्रमाणे तितक्या पुड्या फोडूनही शंभरातील सुमारे ३७ जणांच्या हाती तो लागणार नाही. ३६ पुड्यांची अख्खी पेटी घेणाऱ्यास तो मिळण्याची शक्यता सुमारे २६ टक्के; म्हणजे चारांतील तिघे निराश होऊन घरी जाणार. बाकीचे पत्ते अगदीच टाकाऊ नसतात हे खरे, पण ज्यासाठी खिशात हात घातला ते मिळत नाही.

यावर असे सांगितले जाते की, पुड्यांतून निघालेले पत्ते विकून पैसे परत मिळविता येतात. एखाद्याच्या बाबतीत ते घडते, आणि त्याचीच गोष्ट गावभर होते. सर्वांच्या बाबतीत ते घडू शकत नाही, याचे कारण साधे आहे. पुडीतील पत्त्यांची सरासरी किंमत पुडीच्या किमतीहून अधिक असेल, तर व्यापारी ती पुडी ग्राहकाला विकण्याऐवजी स्वतःच फोडील आणि पत्ते सुटे विकील. असे पुष्कळांनी केले की सुट्या पत्त्यांचे भाव उतरतील आणि फायदा नाहीसा होईल. जोवर एखादा संच छापला जात आहे, तोवर हा नियम बहुधा चुकत नाही. दुकानदाराने न फोडता ग्राहकापुढे ठेवलेली पुडी ही सरासरीने तोट्याचीच असते, इतके समजले तरी मध्यमवर्गीय घरातील बराच पैसा वाचेल.

यापुढची पायरी म्हणजे न फोडलेल्या पेटीलाच संपत्ती मानणे. करोनाच्या काळात हे वेड अमेरिकेत फार वाढले. २०२१ च्या मे महिन्यात टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीला, पत्त्यांवरून झालेल्या एका मारामारीनंतर, सुरक्षिततेच्या कारणास्तव त्यांची दुकानातील विक्री काही काळ थांबवावी लागली. २०२२ साली 'मॅजिक'च्या तिसाव्या वर्षाच्या निमित्ताने कंपनीने प्रत्येकी १५ पत्त्यांच्या चार पुड्या ९९९ डॉलरला विकावयास काढल्या. आणि ते पत्ते अधिकृत स्पर्धांत चालणारेही नव्हते. खेळण्यासाठी निर्माण झालेली वस्तू जोवर कोणी खेळत नाही तोवरच मौल्यवान, असा हा उफराटा न्याय आहे. अशा पेटीला व्याज नाही, लाभांश नाही. ती वर्षानुवर्षे जपावी लागते, विकताना दलाली द्यावी लागते, आणि कंपनीने तोच संच पुन्हा छापला तर भाव कोसळतो. ज्याच्याकडे चैनीसाठी पैसा पडून आहे त्याने हा डाव खेळावा. मुलाच्या शिक्षणाची शिल्लक त्यात घालणे हा अविचार होय.

मग ज्याची मिळकत बेताची आहे, त्याने या खेळाकडे पाठ फिरवावी काय? तसे सांगणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. करमणुकीचा हक्क केवळ श्रीमंतांना नाही. आवश्यकता आहे ती सीलबंद वस्तूंतील दोन जातींमधला भेद ओळखण्याची. पहिल्या जातीत आत काय आहे ते आधीच जाहीर असते. 'मॅजिक'चे १०० पत्त्यांचे तयार 'कमांडर' संच २०११ पासून निघत आहेत आणि त्यांतील पत्त्यांची यादी प्रसिद्ध होते. 'पोकेमॉन'ने २०२० साली काढलेल्या 'बॅटल अकॅडमी' या पेटीत ६० पत्त्यांचे तीन तयार कॅट होते. म्हणजे एका खरेदीत घरातील भावंडे खेळावयास बसू शकतात. दुसरी जात झाकल्या मुठीची. नवख्याने पहिल्या जातीपासून आरंभ करावा, आणि पुढे एखाद-दुसरा पत्ता हवा झाला तर तो सुटा विकत घ्यावा. त्याची किंमत डोळ्यांसमोर असते आणि वस्तूही.

झाकली पुडीच घ्यावयाची असेल, तर वेष्टनाच्या थाटाला न भुलता पुडीमागे पडणारी किंमत काढावी. २०२३ साली अमेरिकेत 'पोकेमॉन'च्या पुडीची सुचविलेली किंमत ४.४९ डॉलर होती. सहा पुड्यांचा साधा गठ्ठा २६.९४ डॉलरला होता, म्हणजे पुडीमागे तेवढेच ४.४९. नऊ पुड्यांची शोभिवंत पेटी ४९.९९ डॉलरला, म्हणजे पुडीमागे सुमारे ५.५५. वरचे साडेनऊ डॉलर हे फासे, पत्त्यांची आवरणे आणि खोका यांचे. ती आवरणे खरोखर हवी असतील तर तक्रार नाही. नको असतील तर तो पैसा खोक्यासाठी गेला. फोडलेल्या पेटीतून सुट्या विकल्या जाणाऱ्या पुड्यांविषयी तर विशेष सावध असावे. चकचकीत पत्ता किंचित जड असतो, म्हणून जुन्या पुड्या वजन करून, जड त्या ठेवून हलक्या विकण्याचा उद्योग चालत आला आहे. २०२४ साली अमेरिकेतील एका औद्योगिक तपासणी संस्थेने यंत्राच्या साहाय्याने न फोडलेल्या पुडीतील पत्ते पाहून देण्याची सोय सुरू केली. म्हणजे पैसेवाल्याला झाकली मूठही उघडी, आणि गरिबाला तेवढी ती झाकलेली.

झाकल्या पुडीचा एक उपयोग मात्र खरोखर समतेचा आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. 'सील्ड' नावाच्या स्पर्धाप्रकारात प्रत्येक खेळाडूला 'मॅजिक'च्या सहा नव्या पुड्या मिळतात आणि तेवढ्यातूनच ४० पत्त्यांचा कॅट रचावा लागतो. येथे घरी किती खजिना साठविला आहे याला किंमत उरत नाही. हाती आलेल्या पत्त्यांतून काय घडविता येते यावर डाव ठरतो. ३६ पुड्यांची पेटी सहा मित्रांनी वर्गणी काढून घेतली तर प्रत्येकाला बरोबर सहा पुड्या येतात. आधीच ठरवून पत्ते शेवटी एकत्र ठेवले, तर त्याच पत्त्यांवर पुढे कितीतरी संध्याकाळी जाऊ शकतात. एकट्याने फोडलेली पेटी तासाभरात संपते. सहा जणांची पेटी वर्षभर पुरते. सहकाराचे महत्त्व पटविण्यासाठी याहून घरगुती उदाहरण क्वचितच सापडेल.

तथापि सर्व भार ग्राहकाच्या शहाणपणावर टाकून भागणार नाही. भारतात आवेष्टित मालावर कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. अमेरिकेत कंपनी सुचविते ती किंमत दुकानदाराला बांधून घेत नाही. 'विझर्ड्स'ने तर २०१९ साली पुड्यांची सुचविलेली किंमत जाहीर करणेच सोडून दिले होते. २०२५ पासून ती पुन्हा जाहीर होऊ लागली. न्यायालयांनीही या प्रश्नाला फारशी दाद दिलेली नाही. खेळाडूंच्या छायाचित्रांच्या पत्त्यांविषयीच्या एका खटल्यात अमेरिकेच्या नवव्या मंडल अपील न्यायालयाने २००२ साली असे ठरविले की, हवा तो पत्ता न मिळाल्याची निराशा ही मालमत्तेची हानी ठरत नाही. याउलट जपानमध्ये, सोडतीतून निघणाऱ्या वस्तूंचा संच पुरा केल्यावर बक्षीस देणारी मोबाइल खेळांतील पद्धत ग्राहक व्यवहार विभागाने २०१२ साली बेकायदेशीर ठरविली. ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ पासून आपल्या दुकानातील खेळांना अशा विकत मिळणाऱ्या सोडतींतील शक्यता जाहीर करण्याची अट घातली. जो न्याय पडद्यावरील पुडीला, तोच कागदाच्या पुडीला का नसावा? प्रत्येक पाकिटावर, मुलाला वाचता येईल अशा अक्षरांत, कोणत्या वर्गातील पत्ता किती पुड्यांमागे एक निघतो हे छापलेले असावे. ही मागणी कोणाच्या करमणुकीवर गदा आणणारी नाही. विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्यालाही ठाऊक असावे, एवढाच तिचा आशय आहे.

आणि दैवावाचून हा खेळ विकताच येत नाही असेही नाही. गारफील्ड यांचाच 'नेटरनर' हा खेळ १९९६ साली झाकल्या पुड्यांतून आला होता. २०१२ साली तो दुसऱ्या एका प्रकाशकाने, प्रत्येक पेटीत तेच ठरलेले पत्ते देऊन, नव्याने काढला आणि त्याला एकनिष्ठ खेळाडू लाभले. २०१८ साली प्रकाशकाने तो बंद केला, तेव्हा खेळाडूंनीच स्वयंसेवकांची संस्था उभारली. आज 'नल सिग्नल गेम्स' या नावाने ती संस्था नफ्याचा हेतू न ठेवता नवे पत्ते काढते, आणि ते घरी छापून घेण्याचीही मोफत सोय तिने ठेविली आहे. टंचाई नाही, सोडत नाही, तरी खेळ चालू आहे.

मुलाच्या हातातील पुडी हिसकावून घेण्यात शहाणपण नाही. त्याच्या शेजारी बसून, आठ पुड्यांत एक आणि पंधरांतून एक, हा गुणाकार त्याच्याकडूनच करून घ्यावा. ज्याला तो गुणाकार लहानपणी समजला, त्याला मोठेपणी कोणतीही झाकली मूठ सव्वा लाखाला विकणे कठीण जाईल.