पाचोळ्यातील बुरशी जपावी

लोहारा व यवतमाळ जिल्ह्यातील इतर गावांच्या आसपास सागाची पानगळ झाली, की जमिनीवर पाचोळ्याचा थर साचतो. पावसाळ्यात हा थर उचलून पाहिल्यास खालच्या ओलसर पानांवर पांढरे तंतू आढळतात. ती बुरशी होय. बुरशी म्हटली की पिकावरील रोग आठवतो. परंतु ही शत्रू नव्हे. पानांतील चिवट, काष्ठमय भाग ती कुजविते व त्यांतील अन्नद्रव्ये जमिनीस परत देते.

असे असता, मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून उन्हाळ्यात पाचोळा पेटविला जातो. फुले वेचणाऱ्यांची अडचण खरी आहे. पण उपाय महाग पडतो. नत्र धुरावाटे उडून जातो, वरच्या थरातील बुरशी मरते आणि उघडी माती पावसात वाहून जाते. त्याऐवजी पाचोळा झाडून बाजूस सारावा किंवा झाडाखाली जुने लुगडे अंथरावे.

बांधावरील पाचोळा खतास उत्तम. पुसदचे नारायण पांढरीपांडे यांच्या नाडेप पद्धतीत काडीकचरा, माती व थोडे शेण यांचे थर हवेशीर टाक्यात रचून ओल राखल्यास ९० ते १२० दिवसांत खत तयार होते. वनातील पाचोळा मात्र वनातच राहू द्यावा. ते तेथील झाडांचे अन्न आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही गोष्ट पानगळीपूर्वीच गावास पटवून द्यावी.