वाऱ्यावर चढवलेला नवस

जपानमधली जुनी, हाताने रंगवलेली सणाची निशाणे आता संग्राहकांच्या दिवाणखान्यांत आणि वस्तुसंग्रहालयांत दिसतात. ‘नोबोरी’ हे त्यांचे नाव. पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, मुलग्यांच्या सणाला, ती घरापुढे उंच खांबावर चढवीत. त्यांवरच्या तलवारी, चिलखते आणि वटारलेले डोळे पाहून बघणारा म्हणतो, ‘लढवय्यी जात!’ मला हा निकाल फार घाईचा वाटतो.

एदो काळात (१६०३ ते १८६८) सामुराईंच्या दारापुढची ही निशाणे पाहून शहरांतले व्यापारी आणि कारागीरही ती उभारू लागले. जोडीला कागदी मासा आला. आपल्या रोहूच्या कुळातला हा मासा धबधबा चढून गेला की ड्रॅगन होतो, अशी चिनी कथा आहे. हिरोशिगेच्या १८५७ सालच्या एका चित्रात असा काळा मासा सारे आकाश व्यापून बसला आहे आणि फुजी पर्वत मागे चिमुकला उरला आहे. घरी मुलगा जन्मला की डोंगर तेवढाच दिसायचा!

निशाण रंगवण्याचे काम रंगाऱ्याचे. कागदी शंकूतून भाताची खळ पिळून तो रेघा ओढी, सोयाबीनच्या रसात कालवलेले रंग भरी आणि शेवटी कापड धुऊन खळ काढून टाकी. खळ होती तिथे पांढरी रेघ उरे. चित्र दुरून, फडफडत असताना ओळखू यायला हवे, म्हणून रेघ जाड आणि डोळे मोठे. तो राग नव्हे, सोय आहे.

आता त्यांतली माणसे पाहा. शोकी हा भुते धरणारा दाढीवाला. देवीच्या साथीत त्याची लाल छापाची चित्रे मुलांच्या रक्षणासाठी ठेवीत. निशाणावर तो कोणाशी लढतो आहे हे मग सांगायला नको. दुसरे आवडते चित्र सम्राज्ञी जिंगूचे. शेजारी तिचा वृद्ध मंत्री, शेकडो वर्षे जगल्याची ज्याची ख्याती, आणि त्याच्या हातात तान्हे बाळ.

या जिंगूने कोरिया जिंकल्याची दंतकथा आहे. १८८१ साली सरकारने तिला एक येनच्या नोटेवर बसवले. १९१० साली कोरिया खरोखरच गिळला. नोटा मोजण्यात उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला हे जाणवते, की नोटेवर सम्राज्ञी आली, म्हाताऱ्याच्या हातातले बाळ आले नाही. सरकारला विजय हवा होता. घराला मात्र त्या म्हाताऱ्याचे आयुष्य बाळाला लागायला हवे होते. पुढे महायुद्धाच्या वर्षांत, रणांगणावर निघालेल्या तरुणांची नावे लिहून तशीच उंच निशाणे मिरवली गेली. म्हणून ही चित्रे निष्पाप आहेत असे मी म्हणणार नाही. पण मूळ नवस युद्धाचा नव्हता, पोर जगावे एवढाच होता.

१९४८ साली हा दिवस सर्व मुलांचा झाला आणि कायद्याने त्यात आईविषयीची कृतज्ञताही घातली. आता सदनिकांच्या गॅलरीत छोटे कापडी मासे डुलतात. काही मीटर लांबीचे निशाण तिथे मावणार कुठे?

अनेक जुन्या निशाणांखाली ‘चित्रकार अज्ञात’ अशी पाटी असते. ज्याच्यासाठी ते रंगवले, त्या बाळाचा पाटीवर उल्लेखही नसतो. वरच्या टोकाला घराण्याचे चिन्ह तेवढे असते. निदान ते चौकटीत दुमडून टाकू नये.