जुनी मांजर, नवं पिल्लू

पावसाळ्यात भिजलेलं पिल्लू उचलून घरी नेणारी मुलं आम्हाला दर वर्षी भेटतात. त्यांना आम्ही आधी एकच विचारतो, घरात पहिली मांजर आहे का? असेल, तर त्या बेजुबान जिवाचाही हक्क आहे. आपण दोघांना एकदम समोरासमोर ठेवतो आणि ती फिस्कारली की तिलाच रागावतो. मग ती पलंगाखाली दडते, खाणं सोडते.

मांजर आपलं घर वासाने ओळखते. म्हणून ओळख आधी वासाची, मग नजरेची. पिल्लाला प्रथम डॉक्टरांना दाखवावं, जंतांचं औषध आणि लस विचारून घ्यावी. निदान आठवडाभर त्याला वेगळ्या खोलीत ठेवावं. एकाच्या अंथरुणाचं फडकं दुसऱ्याच्या जागी टाकावं. बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना एकाच वेळी खाऊ घालावं. दोघं निवांत खाऊ लागली, की आपण जवळ बसून दार थोडं उघडावं. सुरुवातीला दोन-चार मिनिटं पुरेत.

खाण्यापिण्याची भांडी वेगळी ठेवावीत; दोन मांजरांना वाळूचे तीन ट्रे असावेत. मोठी मांजर 24 तास काहीच खात नसेल, तर डॉक्टरांकडे न्यावं. उपाशी राहिल्याने मांजरांचं यकृत बिघडतं.

लाड आधी जुनीचे, मग नव्याचे. काही घरांत दोघं एका कुशीत झोपतात, काही घरांत नुसती एका छपराखाली नांदतात. तेवढंही पुरे.