नरसाळे आणि डबा

गेल्या दिवाळीत आमचा पुतण्या पुण्याहून संग्रामपुरास आला तो फटाक्यांऐवजी एक खोके घेऊन. मुलांनी मोठ्या आशेने त्याच्याभोवती कोंडाळे केले. खोक्यातून निघाले काय, तर सनईच्या तोंडासारखे फाकलेले ॲल्युमिनियमचे एक चकचकीत नळकांडे!

"काका, आपल्या पद्मिनीला हॉर्न आणलाय."

"अरे, पण तिचा वाजतो की!" माजघरातून आई म्हणाली.

हा वाजवायचा हॉर्न नव्हे, हे तिला समजावून सांगावे लागले. कार्ब्युरेटरच्या तोंडावर, हवा आत घेण्यासाठी तो बसवतात. शौकीन मंडळी त्याला ट्रम्पेट म्हणतात. मराठीचा मास्तर असल्यामुळे मी लगोलग 'तुतारी' हा प्रतिशब्द सुचवला. आईने ती वस्तू हातात फिरवून पाहिली आणि म्हणाली, "हे तर रॉकेलचे नरसाळे." त्याहून चांगला शब्द मला अजून सापडलेला नाही.

पद्मिनी ही आमच्या वडिलांची. शेठ वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, १०८९ सी.सी.ची, चार सिलिंडरची. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी बहीण ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. आमची मात्र अजून अंगणातल्या पत्र्याखाली उभी असते आणि महिन्यातून दोनदा शेगावला जाऊन येते.

पुतण्याच्या नरसाळ्याकडे पाहून माझ्या पोटात गोळा आला, याला कारण आहे. दहा वर्षांपूर्वी हाच मोह मला झाला होता. एका मोठ्या शहरातल्या गॅरेजवाल्याने कार्ब्युरेटरवरचा हवेचा डबा काढून तिथे उघडे नरसाळे बसवून दिले. गाडी अशी गरजू लागली, की स्टाफरूममधले सहकारी खिडकीशी येऊन पाहत! कापसाच्या हंगामात मी वरवट बकाल, जळगाव जामोद अशा कितीतरी फेऱ्या मारल्या. होळीच्या सुमारास मागून निळा धूर येऊ लागला. इंजिन उघडले तर सिलिंडर झिजलेले, रिंगा सैल. वडिलांनी वर्षानुवर्षे जपलेले इंजिन मी एका हंगामात घासून टाकले होते. वडील तेव्हा हयात होते. ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि तेच मला फार लागले. बोअर करून मोठे पिस्टन घातल्यावर आमचे मिस्त्री म्हणाले, "सर, आता यापुढं बोअरले जागा नाही. पुन्हा झिजलं त लायनरच ठोका लागन."

नरसाळे थोतांड आहे असे मात्र नव्हे. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. एवढी हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद तोंडात शिरताना त्याच्या धारदार काठावर अडखळते. काठ गोलसर वळवला, की ती सुरळीत आत जाते. शिवाय आतली झडप मिटली, की हवेची लाट उलटी फिरते व तोंडाशी आपटून परत येते. नरसाळ्याची लांबी अशी ठेवायची, की झडप पुन्हा उघडताना ती लाट नेमकी दाराशी हजर असावी. लांब नरसाळे कमी वेगाला उपयोगी, आखूड भरधाव वेगाला. मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर पूर्वी फियाट गाड्यांच्या शर्यती होत. तिथे या गोष्टीला मोल होते, कारण शर्यत संपली की इंजिन खोलायचेच असते.

आमच्याकडे शर्यत असते ती धुळीशी. मुरमाच्या धुळीतला गारेचा कण बिडाच्या सिलिंडरहून कठीण असतो. तेलात मिसळला, की सहाणेवर चंदन उगाळावे तसा तो सिलिंडर उगाळतो. नरसाळ्याच्या तोंडाला लावायची तारेची जाळी खडा अडवील, पाखरू अडवील. धूळ तिला हसत हसत ओलांडते. त्यातून कार्ब्युरेटर अधूनमधून पेट्रोलचे तुषार उलटे फेकतो. इंजिनने उलटा भडका मारलाच, तर मधे पत्र्याचा डबा असलेला बरा.

हे सारे पुतण्याने ऐकून घेतले. "मग नरसाळे परत पाठवू?" त्याचा चेहरा एवढा पडला, की मी मिस्त्रींना बोलावणे धाडले.

मिस्त्रींनी बॉनेटमध्ये डोके घातले. "गाडीले शिंग कायले पाह्यजे, बाप्पा? बैल हाय का ते?" त्यांचे मत ट्रॅक्टरसारखा तेलाचा फिल्टर बसवावा असे. त्यात हवा तेलावरून एकदम वळते आणि जड धूळ तेलात बसते. पण गाडी सावकाश चालली, की हवेला तेवढा झपाटा राहत नाही आणि बारीक धूळ निसटते. तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टरही असतो. कापसाच्या मुलखात तो मनाला भावतो, पण पुन्हापुन्हा धुऊन बेताचे तेल लावायला माझ्याइतका आळशी मनुष्य कामाचा नाही. शेवटी घडीच्या कागदाचाच फिल्टर ठरला.

आणि नरसाळे? तेही बसले, पण डब्याच्या आत! मिस्त्रींनी ते कापून आखूड केले. तोंड आणि डब्याचे झाकण यांत निदान तोंडाच्या निम्म्या व्यासाइतकी मोकळी जागा हवी, नाहीतर नरसाळ्याचाच घसा आवळला जातो. डब्याच्या नळीला रबरी पाईप जोडून त्याचे तोंड पुढच्या जाळीमागे, पावसाचे पाणी शिरणार नाही इतके उंच आणले. बॉनेटखालची तापलेली हवा विरळ असते. दर तीन अंशांना साधारण एक टक्का हवा कमी, म्हणजे वैशाखात नरसाळ्याने मिळवलेले सारे तिथेच गमवायचे. हवा वाढली म्हणून जेट बदलावा लागतो का, ते प्लगचा रंग पाहून ठरवले. तपकिरी निघाला, जुनाच जेट राहिला.

आवाज मात्र फारसा वाढला नाही. पुतण्याने दोनदा ॲक्सिलरेटर दाबून पाहिला आणि काही बोलला नाही.

पाडव्यापासून आठ दिवस तोच गाडी फिरवत होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या कच्च्या वाटाही त्याने सोडल्या नाहीत. परत जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी डबा उघडून फिल्टर बाहेर काढला आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरून हलकेच आपटला. मऊ, पिठासारखी धूळ पडली, चांगली चिमूटभर. पुतण्या उकिडवा बसून ती बोटाने चोळीत राहिला.

"काका," तो म्हणाला, "असा आणखी एक फिल्टर पुण्याहून पाठवून देऊ?"

"दोन पाठव," मी म्हणालो.

आईने वर्तमानपत्राची घडी करून धूळ तुळशीत झटकली.