वाचनपीठ आणि माता

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायावर बोट ठेवून, मिस्सेत स्त्रीने वाचन करू नये, असे काही बंधू आम्हांस आजही बजावतात. त्याच पत्राचा ११ वा अध्याय त्यांच्या नजरेतून निसटलेला दिसतो. तेथे सभेत प्रार्थना करणाऱ्या व संदेश देणाऱ्या स्त्रिया संत पौल गृहीतच धरतो. विद्वान अपुल्लोस देवाचा मार्ग समजावून देणाऱ्या दांपत्यातली एक प्रिस्किल्लाच होती. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली वाचक व वेदीसेवक ही कायम सेवापदे स्त्रियांस खुली केली. मिस्सेतील प्रवचन दीक्षितांकडेच असते, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या मातांनी मांडीवर बसवून आम्हांला क्रुसाची खूण शिकवली, त्यांना वाचनपीठापाशी आम्ही कोणत्या तोंडाने अडवावे?